किनाऱ्यावरून किती दिसते?

घरात पंचावन्न इंची टीव्ही आहे, चित्रपट दोन महिन्यांत ओटीटीवर येणारच आहे, मग युद्धपट पाहायला थिएटरात कशाला जायचे? हा प्रश्न आज घरोघरी विचारला जातो. त्यावर बहुतेकदा ‘भव्यतेसाठी’ असे उत्तर मिळते. पण भव्यता तर ऐतिहासिक चित्रपटातल्या राजवाड्यातही असते आणि गाण्याच्या सेटवरही. पडदा मोठा असला की सगळेच मोठे दिसते. युद्धपटाला मोठा पडदा का लागतो, हे त्यातून कळत नाही. या प्रकरणात त्याचे वेगळे उत्तर शोधायचे आहे आणि त्यासाठी एकच चित्रपट हाताशी घेऊ : ख्रिस्तोफर नोलन यांचा २०१७ सालचा ‘डंकर्क’. आपले म्हणणे आधीच मांडून ठेवतो. छोट्या पडद्यावर युद्ध सेनापतीच्या नजरेने, नकाशासारखे, एका दृष्टिक्षेपात दिसते. मोठ्या पडद्यावर ते सैनिकाच्या नजरेने, म्हणजे अपुरे दिसते, आणि ‘डंकर्क’ हा चित्रपट या अपुऱ्या दिसण्याबद्दलच आहे.

१. डंकर्कला काय घडले होते

१० मे १९४० रोजी जर्मनीने पश्चिम युरोपवर हल्ला चढवला. ब्रिटिश आणि फ्रेंच फौजा बेल्जियमच्या दिशेने पुढे गेल्या. जर्मन रणगाडे मात्र दक्षिणेकडच्या आर्देन्नच्या जंगलातून घुसले आणि दहा दिवसांत इंग्लिश खाडीच्या किनाऱ्याला येऊन भिडले. उत्तरेकडच्या फौजांचा मागचा रस्ता तुटला आणि त्या फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरच्या डंकर्क बंदरापाशी कोंडल्या गेल्या. २४ मे रोजी जर्मन रणगाड्यांना थांबण्याचा हुकूम आला. त्यामागची कारणे इतिहासकार आजही तपासत आहेत, पण त्या थांब्यामुळे वेढ्यातल्या फौजांना बचावाची फळी उभी करायला थोडा वेळ मिळाला. २६ मेच्या संध्याकाळी व्हाइस ॲडमिरल बर्ट्रम रॅमसे यांनी डोव्हरच्या किल्ल्याखालच्या भुयारांतून ‘ऑपरेशन डायनॅमो’ सुरू केले. सुरुवातीचा अंदाज दोन दिवसांत ४५ हजार माणसे परत आणता येतील, एवढाच होता. ४ जूनपर्यंत ३,३८,२२६ सैनिक इंग्लंडला पोचले. त्यांत सव्वा लाखाच्या आसपास फ्रेंच होते.

डंकर्कचा किनारा उथळ आहे. मोठी जहाजे वाळूपर्यंत येऊ शकत नव्हती, म्हणून छोट्या होड्यांनी माणसे जहाजांपर्यंत न्यावी लागली. लोकांच्या आठवणीत त्या होड्या राहिल्या. प्रत्यक्षात सुमारे दोन लाख चाळीस हजार माणसे बंदरातून निघाली, आणि त्यांतली बहुसंख्य पूर्वेकडच्या लाटरोधक बांधावरून. हा बांध किलोमीटरभराहून लांब, अरुंद आणि लाकडी फळ्यांचा होता. त्याला जहाजे लावावीत अशी कल्पना बांधणाऱ्यांनी कधी केलेली नव्हती.

वरच्या दोन परिच्छेदांत जे वाचले, त्यातले जवळपास काहीच त्या किनाऱ्यावर रांगेत उभ्या असलेल्या विशीतल्या पोराला ठाऊक नव्हते. रणगाडे का थांबले, जहाजे किती येणार, फळी किती दिवस टिकणार, आपले विमानदल कुठे आहे, यातले काही त्याला कळत नव्हते. नोलन यांनी सुरुवातीच्या मोजक्या ओळी सोडल्या तर प्रेक्षकालाही हे सांगायचे टाळले. चित्रपटात नकाशावर काठी फिरवणारा सेनापती नाही आणि युद्धमंत्रिमंडळाची बैठक नाही. चर्चिल पडद्यावर येत नाहीत. त्यांचे भाषण शेवटी एक सैनिक वर्तमानपत्रातून वाचतो. जर्मन सैनिकाचा चेहराही नीट दिसत नाही. १९६२ सालच्या ‘द लाँगेस्ट डे’शी तुलना केली तर फरक ठळक होतो. तिथे दोन्ही बाजूंचे अधिकारी आहेत, त्यांच्या मुख्यालयांतल्या चर्चा आहेत, आणि प्रेक्षकाला कोणाही एका पात्रापेक्षा जास्त माहिती असते. ‘डंकर्क’मध्ये प्रेक्षकाला फारसे जास्त काही ठाऊक नसते. माहिती काढून घेतली की उरते ते फक्त दिसणे आणि ऐकू येणे, म्हणून पुढचे सगळे विवेचन डोळा आणि कान यांच्याबद्दल आहे.

२. डोळ्याचा कोन

पडदा किती मोठा हे इंचांत मोजून उपयोग नाही. तो डोळ्याशी किती अंशांचा कोन करतो, हे महत्त्वाचे. पंचावन्न इंची टीव्ही सुमारे १२२ सेंटिमीटर रुंद असतो. अडीच मीटरवरून तो पाहिला तर रुंदीत २७ अंश व्यापतो. मोबाइल आडवा धरून पस्तीस-एक सेंटिमीटरवरून पाहिला तर जवळपास तेवढाच, २४ अंशांचा कोन होतो. आता २२ मीटर रुंदीचा आयमॅक्सचा पडदा घ्या आणि पंधरा मीटरवरची खुर्ची. कोन ७२ अंशांच्या पुढे जातो, आणि उंचीतला कोन ५४ अंश होतो.

या आकड्यांना अर्थ येतो तो डोळ्याच्या रचनेमुळे. आपल्याला एका वेळी अगदी स्पष्ट दिसणारा भाग फार लहान असतो, सुमारे दोन अंशांचा. हात पूर्ण लांब करून अंगठा उभा धरला तर त्याची रुंदी जेवढी, साधारण तेवढा. बाकीचे सगळे धूसर असते आणि डोळा सतत इकडेतिकडे उडी मारून चित्र जुळवत असतो. मग ढोबळ हिशेब असा : टीव्हीच्या पडद्यावर असे अंगठ्याएवढे सुमारे शंभर तुकडे बसतात, तर त्या आयमॅक्सच्या पडद्यावर हजाराच्या आसपास. शंभर तुकड्यांतले महत्त्वाचे दोन-तीन डोळा क्षणात टिपतो. हजारांतून त्याला शोधावे लागते, आणि एकीकडे पाहताना दुसरीकडचे निसटते.

दुसरी गोष्ट, डोळ्याच्या कडेचा भाग तपशील ओळखण्यात कच्चा असला तरी हालचाल टिपण्यात तरबेज असतो. डाव्या कडेला काही हलले की मान आपोआप तिकडे वळते, काय हलले हे कळण्याआधीच. टीव्ही या कडेच्या नजरेपर्यंत पोचतच नाही; तिथे आपल्या घराची भिंत, खिडकी, पंखा असतो. ‘डंकर्क’मधल्या किनाऱ्याच्या प्रसंगात सैनिक वाळूवर पालथे पडतात आणि बाँब एका रांगेत, एकामागून एक, जवळ येत जातात. लहान पडद्यावर ती रांग दिसते, म्हणजे पुढचा बाँब कुठे पडणार हे समजते. मोठ्या पडद्यावर आधी पडलेल्या माणसाचा चेहरा दिसतो, स्फोट मागे आणि कडेला होतात, आणि पुढचा कुठे याचा अंदाज बांधायला नजर अपुरी पडते. दोन्हीकडे चित्र तेच असते, बदलते ती पाहणाऱ्याची जागा.

टीव्हीच्या एक मीटर जवळ जाऊन बसले तर? तेव्हा कोन ६० अंशांच्या पुढे जातो हे खरे. हा आक्षेप भूमितीच्या दृष्टीने बरोबर आहे आणि तो झटकून टाकू नये. पण जवळची वस्तू पाहताना दोन्ही डोळे आत वळतात, भिंगावर ताण येतो, आणि मेंदूला कळत राहते की समोर मीटरभरावर एक चौकट आहे. पंधरा मीटरवरच्या पडद्याकडे पाहताना डोळे जवळजवळ क्षितिजाकडे पाहावेत तसे सैल असतात. शिवाय घरी एक मीटरवर कुणी बसत नाही.

३. आकाश कुठे गेले?

आपल्याकडे ‘७० एमएम’ म्हटले की ‘शोले’ आठवतो. १९७५ साली तो ७० एमएमवर दाखवला गेला, पण त्याचे चित्रीकरण ३५ एमएम फिल्मवर झाले होते. छायाचित्र मोठे करून घ्यावे तशी त्याची प्रत नंतर मोठी केली गेली. ‘डंकर्क’चे तसे नाही. छायालेखक होयते व्हान होयतेमा यांनी सगळा चित्रपट मोठ्या फिल्मवरच टिपला आणि त्यातला बराच मोठा भाग आयमॅक्स कॅमेऱ्याने. १९७० साली ओसाकाच्या जागतिक प्रदर्शनात कॅनडातल्या मंडळींनी हे तंत्र प्रथम लोकांसमोर आणले. त्याची युक्ती साधी आहे. नेहमीच्या प्रोजेक्टरमधून फिल्म उभी सरकते, इथे ती आडवी सरकते. त्यामुळे फिल्मची रुंदी चित्राची उंची बनते आणि एकेक चौकट पंधरा छिद्रांएवढी लांब घेता येते. अशी चौकट ३५ एमएमच्या चौकटीच्या नऊ ते दहापट क्षेत्रफळाची असते. तपशील टिकतात, म्हणून पडदा अवाढव्य केला तरी चित्र फाटत नाही.

याची किंमतही समजून घेऊ. दोन छिद्रांमधले अंतर पावणेपाच मिलिमीटर असते. पंधरा छिद्रांची एक चौकट म्हणजे सुमारे ७१ मिलिमीटर, आणि सेकंदाला चोवीस चौकटी. म्हणजे सेकंदाला १.७ मीटर फिल्म पळते, मिनिटाला शंभर मीटरांहून जास्त. १०६ मिनिटांच्या ‘डंकर्क’ची आयमॅक्स प्रत जवळजवळ अकरा किलोमीटर लांब भरते. चित्रीकरणात कॅमेऱ्यातले फिल्मचे रीळ तीन मिनिटांत संपते, कॅमेरा जड असतो आणि त्याची घरघर एवढी की शेजारी बोललेला संवाद ध्वनिमुद्रणात बुडून जातो. एवढा त्रास घेऊन नोलन यांनी हे कॅमेरे छोट्या होड्यांवर, पाण्यात आणि विमानांवर चढवले. त्यातला एक समुद्रात बुडालाही. बाहेर काढल्यावर आतली फिल्म ओलीच ठेवून लॉस एंजेलिसच्या प्रयोगशाळेत पाठवली गेली आणि धुतल्यावर चित्र शाबूत निघाले.

मिळाले काय, तर उंची. आयमॅक्स फिल्मवरच्या चित्राची रुंदी उंचीच्या १.४३ पट असते. नेहमीच्या ७० एमएम प्रतीत ती २.२० पट. २२ मीटर रुंद पडद्यावर पहिल्याची उंची १५.४ मीटर होते, दुसऱ्याची दहा मीटर. म्हणजे साध्या प्रतीत पाच मीटरांहून उंच चित्र कापले जाते, एकूण चित्राचा तिसऱ्या हिश्शाहून थोडा अधिक भाग. हा भाग बहुधा आकाशाचा असतो. इतर चित्रपटांत आकाश कमी दिसल्याने फार बिघडत नाही. डंकर्कला मृत्यू आकाशातून येत होता. किनाऱ्यावरची माणसे वर पाहत होती, पायलट सूर्याच्या दिशेकडून येणाऱ्या शत्रूला शोधत होते. उंच चौकटीत माणसांची रांग तळाशी बारीक होते आणि डोक्यावर रिकामे आकाश उरते. त्या रिकामपणाची भीती वाटते, कारण त्यातून केव्हाही काहीही येऊ शकते. आकाश कापले की भीती कमी होते आणि चित्र सुंदर दिसू लागते.

भारतात बहुतेकांनी ‘डंकर्क’ पाहिला तो डिजिटल प्रतीत. डिजिटल आयमॅक्समध्ये बहुतेक ठिकाणी १.९० चे प्रमाण असते, म्हणजे मूळ उंचीचा पाऊण भाग हाती लागतो. २०१८ साली नोलन फिल्म हेरिटेज फाउंडेशनच्या निमंत्रणावरून मुंबईत आले, तेव्हा वडाळ्याच्या आयमॅक्स थिएटरात हा चित्रपट ७० एमएम फिल्मवर दाखवला गेला. आपल्याकडे अशी संधी क्वचितच मिळते.

४. चढतच राहणारा सूर

आता कानाकडे वळू. चित्रपटाचे संगीत हान्स झिमर यांचे आहे आणि त्यात नोलन यांच्या स्वतःच्या घड्याळाची टिकटिक मिसळलेली आहे. पण खरी कळ वेगळी आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉजर शेपर्ड यांनी १९६४ साली एका श्रवणभ्रमाचे वर्णन केले : असा सूर जो सतत वर चढतो आहे असे वाटते, पण कधीच वर पोचत नाही. रहाटगाडग्याची आठवण करा. प्रत्येक गाडगे वर येते, माथ्यावर रिकामे होऊन दिसेनासे होते, आणि तेवढ्यात खालून दुसरे वर निघालेले असते. फक्त चढणारी बाजू पाहिली तर चढण संपतच नाही. शेपर्डच्या सुरात एकाच वेळी तीन-चार सप्तकांतले स्वर चढत असतात; वरचा हळूहळू क्षीण होऊन विरतो आणि खालचा हळूच आत येतो. कान फसतो आणि ताण सुटत नाही.

नोलन यांनी ही रचना संगीतापुरती न ठेवता पटकथेतच वापरल्याचे सांगितले आहे : तीन कथानके अशी गुंफायची की एकाचा ताण ओसरू लागताच दुसऱ्याचा चढलेला असावा. आता असा ताण टिकतो तो ऐकणाऱ्याला थांबवता येत नाही म्हणून. घरी रिमोट हाताशी असतो. फोन वाजला, दूध उतू गेले, की चित्र थांबते आणि चढण तुटते. शिवाय खर्जातला ध्वनी छोट्या स्पीकरमधून निघतच नाही. ३० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी अकरा मीटरांहून जास्त असते. ती उभी करायला मोठे स्पीकर लागतात, आणि ती कानाआधी छातीत जाणवते. जर्मनांच्या स्टूका या बाँबफेकी विमानांवर लोकांना घाबरवण्यासाठीच भोंगे बसवले जात. सूर मारताना त्यांचा आवाज वरवर चढत जायचा. तो आवाज हेच शस्त्र होते, त्यामुळे तो मोबाइलवर ऐकणे म्हणजे त्या शस्त्राचे फक्त नाव ऐकण्यासारखे आहे.

५. आठवडा, दिवस आणि तास

चित्रपटात तीन धागे आहेत. बांधावरची कथा एका आठवड्याची, समुद्रातली एका दिवसाची, आकाशातली एका तासाची. तिघांना पडद्यावरचा वेळ सारखा, म्हणजे प्रत्येकी साधारण पस्तीस मिनिटे मिळतो असे धरू. मग बांधावरचा काळ सुमारे २८८ पट दाबला गेला, समुद्रातला ४१ पट आणि आकाशातला दुपटीहूनही कमी. वैमानिकाचा तास जवळपास तासासारखाच जातो, कारण टाकीतले इंधन त्याच वेगाने संपत असते. रांगेतल्या सैनिकाचा आठवडा तुकड्यातुकड्यांनी जातो, कारण वाट पाहणाऱ्या माणसाला दिवस वेगळे आठवत नाहीत.

अनेकांना हे गोंधळाचे वाटले. तोच प्रसंग आधी विमानातून दिसतो, नंतर होडीवरून, आणि आधी लावलेला अर्थ चुकीचा ठरतो : पाण्यावर उतरलेल्या विमानातून हात हलतो, वरून पाहणाऱ्या सोबत्याला तो निरोप वाटतो, जवळ गेल्यावर कळते की आत अडकलेला माणूस मदत मागतो आहे. संकलक ली स्मिथ यांना यासाठी ऑस्कर मिळाले, आणि ते योग्य होते. किनाऱ्यावरच्यांना विमाने दिसत नव्हती म्हणून त्यांनी विमानदलाला शिव्या घातल्या. विमाने लढत होती, फक्त दूर आणि उंचावर. कुणालाच पूर्ण चित्र दिसत नव्हते, हा इतिहास आहे आणि चित्रपटाची मांडणीही तीच आहे.

६. मोठा पडदा आणि त्याने लपवलेले

पहिला आक्षेप नैतिक आहे. फ्रेंच दिग्दर्शक फ्रांस्वा त्रुफो यांचे मत असे होते की खऱ्या अर्थाने युद्धविरोधी चित्रपट होऊच शकत नाही; पडद्यावर आले की युद्ध थरारक होते. मग थरार दहापट मोठा करून काय साधणार? हा धोका खरा आहे आणि असंख्य युद्धपट त्याला बळी पडले आहेत. पण थरार कशातून येतो ते पाहावे लागते. तो बहुतेक वेळा मारण्याच्या सामर्थ्यातून येतो : बंदूक नायकाच्या हातात असते आणि प्रेक्षक नळीमागे बसतो. ‘डंकर्क’मध्ये जमिनीवरची माणसे जवळपास कुणालाच मारत नाहीत. ती पळतात, लपतात, बुडतात, कधी एकमेकांना ढकलतात. स्पिटफायरच्या प्रसंगांत मात्र जुनी मोहिनी उरते, आणि शेवटी इंजिन बंद पडलेले विमान शत्रूला पाडते तेव्हा चित्रपट स्वतःच्याच शिस्तीपासून ढळतो, असे माझे मत आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, विशेषतः आपल्यासाठी. एवढ्या मोठ्या चौकटीत भारतीय सैनिक कुठे आहेत? १९३९च्या डिसेंबरात मुंबई बंदरातून ‘फोर्स के-६’ नावाची तुकडी निघून मार्सेय बंदरात उतरली. रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरच्या या चार खेचर कंपन्या होत्या आणि त्यांत मुख्यतः पंजाबी मुसलमान जवान होते. जिथे मोटारी अडत तिथे हे जवान रसद पोचवत. त्यांतले काही डंकर्कहून परतले, एक अख्खी कंपनी जर्मनांच्या कैदेत पडली, आणि खेचरे मागेच सोडावी लागली. चित्रपटात ते नाहीत. बचावाची फळी धरून ठेवणारे फ्रेंचही सुरुवातीच्या एका अडथळ्यापलीकडे फारसे दिसत नाहीत. ४ जूनला त्यांतले ३५ ते ४० हजार कैद झाले. ‘सैनिकाला एवढेच दिसत होते’ हे उत्तर इथे पुरत नाही. किनाऱ्यावरच्या ब्रिटिश सैनिकाला फ्रेंच दिसत होते, आणि पगडी बांधलेले खेचरवाले दिसणेही शक्य होते. कॅमेरा कुठे ठेवायचा हे सैनिक ठरवत नाही, दिग्दर्शक ठरवतो. मोठा पडदा अनुभव सखोल करतो, पण चौकटीबाहेर ठेवलेल्यांना तो आत आणत नाही. उलट चित्र जितके प्रत्ययकारी, तितके ते पूर्ण असल्याचा भास पक्का होतो. म्हणून हा चित्रपट पाहिल्यावर के-६ बद्दल वाचणे गरजेचे आहे.

संवाद ऐकू येत नाहीत, ही प्रेक्षकांची तक्रार या आक्षेपांपुढे हलकी वाटते. नोलन यांची पटकथाच जेमतेम ७६ पानांची होती. त्यातला बराच भाग समजला नाही तरी कथा अडत नाही.

७. तिकीट काढताना

‘डंकर्क’ पुन्हा मोठ्या पडद्यावर आला, किंवा अशा रीतीने टिपलेला दुसरा युद्धपट आला, तर तो कोणत्या प्रतीत दाखवणार आहेत याची चौकशी करा. फिल्म असेल तर उत्तम, डिजिटल आयमॅक्स असेल तरी चालेल. अगदी मागच्या रांगेतली खुर्ची महाग आणि आरामशीर असते, पण तिथून पडद्याचा कोन बराच घटतो. मधल्या रांगांच्या थोडे पुढे, मध्यभागी बसा. आणि एक मागणी थिएटरचालकांकडे करायला हवी. मूळ चित्रपटात मध्यंतर नसताना आपल्याकडे ते मधेच घातले जाते, दिवे लागतात आणि जाहिराती सुरू होतात. चढत्या सुरावर बांधलेल्या १०६ मिनिटांच्या चित्रपटाला दहा मिनिटांची ही फट सोसवत नाही. असे चित्रपट सलग दाखवावेत, आणि दाखवत नसतील तर प्रेक्षकांनी तिकीट खिडकीवर तसे स्पष्ट सांगावे.